नवा डॅक घेण्याआधी या चुका टाळा

तानपुऱ्याची जवारी बोथट ऐकू येते, झांजेचा आवाज फाटतो, मागे सतत घरघर असते. अशा वेळी बहुतेक जण डॅकला, म्हणजे डिजिटल डेटाचा ॲनालॉग सिग्नल करणाऱ्या यंत्राला, दोष देतात आणि महागडा नवा आणतात. आजकाल स्वस्त डॅकही हे काम चोख करतात. गडबड बहुधा जोडणीत किंवा सेटिंगमध्ये असते, म्हणून आधी ती तपासा.

घरघरीचंच बघा. लॅपटॉप चार्जरवर असताना लॅपटॉपमधून चार्जरची वायर काढा. घरघर तिथल्या तिथे थांबली, तर तो बहुधा ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको असलेला प्रवाह, आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, तीच स्पीकरमधून ऐकू येते. लॅपटॉप आणि ॲम्प्लिफायर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून पाहा. तरीही राहिली आणि लॅपटॉप व डॅक दोन्हींवर सोय असेल, तर डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल न्या. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, त्यामुळे विजेचा संबंधच तुटतो. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला कुणी दिला, तर कृपा करून ऐकू नका. त्यात जीव जाऊ शकतो.

टीव्हीला ऑप्टिकलने डॅक जोडला आणि काहीच वाजत नाही? टीव्हीचं ऑडिओ आउटपुट डॉल्बीवर किंवा बिटस्ट्रीमवर असेल, ते पीसीएमवर, म्हणजे डॅकला थेट कळणाऱ्या साध्या डिजिटल आवाजावर, करा. केबलच्या टोकांवरच्या बारीक प्लॅस्टिकच्या टोप्याही काढल्यात ना, ते बघा. टीव्हीकडचं टोक जोडलेलं असताना दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसायला हवा.

ब्लूटूथवर सहसा सीडीचा पूर्ण डेटा, सेकंदाला 1,411 किलोबिट, जात नाही. एलडीएसी हा ब्लूटूथवर जास्त डेटा नेणारा प्रकारसुद्धा फार तर 990 पर्यंत पोचतो, आणि आयफोनमध्ये तो नाहीच. मन लावून ऐकायचं असेल तेव्हा वायरच जोडा. एमपीथ्रीची फ्लॅक, म्हणजे तपशील न गमावणारी फाइल, करण्यात मात्र वेळ घालवू नका, गेलेला तपशील परत येत नाही.

लॅपटॉपचा व्हॉल्यूम कमी ठेवून ॲम्प्लिफायर चढवणं ही नेहमीची चूक. 16 बिटच्या आउटपुटवर दर 6 डेसिबलमागे जवळपास एक बिट वाया जातो आणि ॲम्प्लिफायरची खरखर वर येते. डॅकला यूएसबीने जोडलंय तर लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा. हेडफोन जॅकमधून जोडलं असेल, तर पूर्ण ठेवल्यावर आवाज फाटतो का ते ऐका आणि तेवढाच थोडा उतरवा.

एवढं करूनही नवा डॅक घ्यायचाच असेल, तर जुन्याशी ताडून पाहताना दोन्हींचा आवाज अगदी सारखा करून घ्या. सीडी प्लेयरचं आउटपुट साधारण 2 व्होल्टचं असतं, काही डॅक त्याहून जास्त देतात, आणि किंचित मोठं वाजणारं कानाला हमखास सरस वाटतं.