गोदीतली दुपार: एका आरपीजी डावाची तयारी

आरपीजी म्हणजे रोल-प्लेइंग गेम: टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि बोलत, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. सुरुवात माणसांच्या संख्येपासून करा. चार खेळाडू आणि एक गेम मास्टर, म्हणजे प्रसंग उभे करणारा आपला सूत्रधार, एवढे पुरे. खेळाडू सहा झाले की प्रत्येकाच्या वाट्याला तासाभरात जेमतेम दहा मिनिटं येतात. बाकीचा वेळ हात मोबाइलकडे जातो. वार शनिवार धरा, वेळ दुपारी ३ ते ७. रविवारी कुठल्या ना कुठल्या मार्गावर मेगाब्लॉक असतो. कल्याणहून किंवा पनवेलहून येणारा एक जण तासभर उशिरा पोचला, तर पहिला प्रसंग दोनदा सांगावा लागतो आणि दुसऱ्यांदा त्यात जीव राहत नाही.

आठवडाभर आधी विषय ठरवा. ड्रॅगन आणि किल्ल्यांचा डाव मांडायला काहीच हरकत नाही, या छंदाची छापील सुरुवात १९७४मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'पासूनच झाली. पण मराठीत खेळायचं आणि मुंबईत खेळायचं, तर शहराच्या इतिहासातली एखादी दुपार उचलावी असं आमचं ठाम मत आहे. खेळाडूंच्या तोंडी भाषा आपोआप येते आणि सूत्रधाराला जग समजावून सांगण्यात अर्धा तास घालवावा लागत नाही. या डावापुरता दिवस घेऊ १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' ही बोट उभी आहे. तिच्यात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा आहेत. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात येते, ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट होतो आणि अर्ध्या तासाने दुसरा. शेकडो माणसं गेली, आग विझवायला गेलेले ६६ जवानही गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्यामुळे हा डाव सोनं लुटायच्या गमतीचा होऊ देऊ नका. खेळाडूंना हे निमंत्रण देतानाच सांगा, टेबलावर बसल्यावर नाही.

आता तयारीतला सगळ्यात नाजूक भाग. नवा सूत्रधार बहुतेक वेळा दहा पानांची गोष्ट लिहून आणतो. मग खेळाडू पहिल्याच प्रसंगात भलत्या गल्लीत शिरतात आणि तो त्यांना ओढून परत पानावर आणत बसतो. तिथेच डाव मरतो. गोष्ट लिहू नका. एका कागदावर दोन रकाने पाडा. डावीकडे अटळ गोष्टी: आग लागणार, स्फोट होणार, गोदीच्या आसपासची वस्ती आणि वखारी जळणार. उजवीकडे मोकळ्या गोष्टी: त्या वेळी कोण कुठे असेल, कोणाला आधी कळेल, कोण कोणाला बाहेर काढेल, कोण खोटं बोलेल. डावा रकाना सुरुवातीलाच मोठ्याने वाचून दाखवा. स्फोट थांबवता येणार नाही हे खेळाडूंना माहीत असतं, त्यांच्या पात्रांना नसतं. या अंतरातच या कलेची खरी मजा आहे: घरच्यांना डबा पोचवायला गोदीत बोलावणारं पात्र रंगवताना खेळाडूचा आवाज आपोआप बदलतो. हे लपवून ठेवलंत आणि दोन तासांनी अचानक स्फोट केलात, तर आपल्या निवडींना काही अर्थच नव्हता असं त्यांना वाटेल.

पात्रं तुम्हीच तयार ठेवा. एका दुपारच्या डावात पात्रं घडवायला बसलात तर तास जातो. माल मोजणारा टॅली क्लार्क, बंबवाला, जे. जे. रुग्णालयातली नर्स, मशीद बंदरच्या वखारीतला हमाल. प्रत्येकाला एक कार्ड. त्यावर चार गुण लिहा: अंगबळ, डोकं, बोलणं, धीर. एकाला +२, एकाला +१, उरलेल्या दोघांना शून्य. खाली दोन ओळी: आज संध्याकाळपर्यंत याला काय हवंय, आणि उरलेल्या तिघांपैकी कोणाशी याचं काय देणंघेणं आहे. दुसरी ओळ चुकवू नका. ती नसेल तर नर्स रुग्णालयात, हमाल वखारीत आणि सूत्रधार दोघांच्या मधे धावत बसतो. नावाची जागा कोरी ठेवा, नाव खेळाडूने द्यावं.

नियम 'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१०च्या खेळाने रुळवलेल्या पद्धतीचे घ्या. धोक्याचं काही करायचं असेल तर दोन साधे फासे टाकायचे आणि आलेल्या बेरजेत कार्डावरचा लागू पडणारा गुण मिळवायचा. १० किंवा जास्त आले तर काम झालं, ७ ते ९ आले तर झालं पण किंमत मोजून, ६ किंवा कमी आले तर परिस्थिती बिघडली. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी +२ असेल तर फक्त ६ वेळा फसतं, शून्य असेल तर १५ वेळा. कार्ड वाटताना हे आकडे सांगा, म्हणजे कुठे पुढे व्हायचं आणि कुठे दुसऱ्याला पुढे करायचं हे खेळाडूंना कळतं. वीस बाजूंच्या फाशाची इथे गरज नाही. फासे मात्र लुडोच्या डबीतले इवलेसे नकोत. अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरी आणि कोरी कार्डं घ्यायला जालच, तेव्हा १६ मिलिमीटरचे चार घेऊन या. शंका असेल तर ग्लासभर पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत मीठ ढवळा आणि फासा सोडा. ॲक्रिलिकचा फासा बहुधा तरंगतो. टिचकी मारून फिरवल्यावर दर वेळी तोच आकडा वर आला, तर आत हवेचा बुडबुडा आहे. तो फासा बाद.

स्फोट किती जवळ आला हे दाखवणाऱ्या घड्याळासाठी कागदावर मोठं वर्तुळ काढून सहा घरं करा. एक घर म्हणजे गोदीतली वीसेक मिनिटं. सहावं घर भरलं की चार वाजून सहा मिनिटं. प्रत्येक प्रसंग संपला की एक घर भरा, फाशांची फेक फसली की आणखी एक. स्फोटाआधी तीन प्रसंग धरले तर साधारण दहा फेकी होतात, त्यांतल्या तीनेक फसतात, आणि घड्याळ बरोबर वेळेवर भरतं. फासे फारच दयाळू निघाले तर खऱ्या घड्याळात पाच वाजले की उरलेली घरं स्वतः भरा. चार तासांतून ओळख आणि नियमांची ३० मिनिटं, चहाची १५ आणि शेवटच्या गप्पांची २० वजा करा, उरतात १७५. चार खेळाडूंचा एक प्रसंग अर्ध्या तासाचा होतो, म्हणून पाच प्रसंग: तीन आधी, दोन नंतर. दुसरा स्फोट चौथ्या प्रसंगाच्या शेवटी ठेवा, तोवर सगळे मदतीला आत धावलेले असतात.

बोटीत स्फोटकं आहेत हे पात्रांना कळायलाच हवं, म्हणून त्याचे तीन तरी माग ठेवा: टॅली क्लार्कच्या टेबलावरची मालाची यादी, घाईघाईने बंदराबाहेर निघालेला एक खलाशी, बोटीच्या पत्र्यावर भाजून फुगलेला रंग. खेळाडू एक माग हमखास चुकवतात, दुसऱ्याचा भलताच अर्थ लावतात, तिसरा लागतो. आणि हा शोध फाशांवर टाकू नका. फेक फसली म्हणून माहितीच मिळाली नाही, तर डाव जागेवर थांबतो. फेक एवढ्यापुरतीच ठेवा की माहिती मिळवताना किती वेळ गेला.

आदल्या रात्री वाटेत भेटणाऱ्या माणसांसाठी बारा नावं लिहून ठेवा, कोकणी, गुजराती, बोहरी, पारशी, उत्तरेकडची, सगळी मिसळून. ऐन वेळी नाव सुचत नाही आणि तिसरा माणूसही गणपतच निघतो. प्रत्येक जागेसाठी तीन संवेदना पुरतात: वखारीत तागाचा वास, घामाने चिकटलेला कापूस, साखळीचा खणखणाट. पुढे खेळाडूच भर घालतात. स्फोटानंतर 'जपानने बॉम्ब टाकले' ही अफवा रस्त्यावर सोडा. युद्धाचे दिवस आहेत, लोकांना तेच आधी सुचणार.

जॉन स्टाव्रोपोलस यांचं एक्स कार्ड टेबलाच्या मधोमध हवंच. कोऱ्या कार्डावर फुली काढायची. कोणी त्याला हात लावला की तो तपशील तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. जळालेली माणसं, हरवलेली मुलं असलेल्या डावात याला पर्याय नाही. मुलांचे मृत्यू दाखवायचे नाहीत, हे तर आधीच बोलून घ्या.

जागेचं थोडक्यात. वन बीएचकेमध्ये डायनिंग टेबल नसेल तर कॅरम स्टुलावर ठेवा. ७४ सेंटिमीटर चौरस जागा, चारी बाजूंना खेळाडू, कोपऱ्यावर सूत्रधार, आणि चौकटीमुळे फासे कपाटाखाली जात नाहीत. बोरिक पावडर मात्र आधी ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर कार्डं पांढरी होतात. फासा भोकात गेला तर पुन्हा टाकायचा. पंखा एकवर ठेवा, कार्डांवर वाटी उपडी घाला. गणपतीत किंवा नवरात्रात खिडकीखाली मंडप आहे का ते आधी बघा. लाउडस्पीकरशी स्पर्धा करून कुजबुजीचा प्रसंग उभा राहत नाही. चहा मध्यंतरातच द्या, तोही पहिल्या स्फोटानंतर लगेच. त्या वेळी सगळ्यांनाच पाच मिनिटं गप्प बसायचं असतं.

संपल्यावरची वीस मिनिटं कापू नका. प्रत्येकाने आपलं पात्र त्या रात्री कुठे झोपलं, किंवा घरी कोण वाट बघत राहिलं, एवढं एका वाक्यात सांगायचं. मग फासे मोजून डबीत टाका, वर्तुळाचा कागद तारीख घालून ठेवून द्या आणि कार्डं ज्याची त्याला घरी नेऊ द्या.