वडिलांच्या पश्चात वारसनोंद करताना या चुका टाळा

घरातील कर्ता पुरुष मृत्युपत्र न करता गेला की सातबाऱ्यावर नाव लावण्याची घाई सुरू होते आणि पुढच्या बहुतेक भाऊबंदकीचे मूळ याच घाईत असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्यावी लागते. ती देताना सोबत जोडलेल्या प्रतिज्ञापत्रात लग्न झालेल्या बहिणींची नावे गाळणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. त्याखालोखाल विसरली जाते ती मृताची आई. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस ठरतात. म्हणजे मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वृद्ध आई असेल, तर प्रत्येकाला एक पंचमांश हिस्सा मिळतो. (मुस्लिम व ख्रिस्ती कुटुंबांना वेगळे नियम लागू होतात.) वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा हक्क जन्मापासूनचा असून, हा हक्क देणाऱ्या 2005 च्या कायदादुरुस्तीच्या वेळी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये विनीता शर्मा प्रकरणात दिला आहे.

दुसरी चूक हक्कसोडपत्राची. बहिणीला हक्क सोडायचाच असेल, तर स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारून घेणे किंवा तलाठ्यासमोर जबाब देणे पुरेसे नाही. स्थावर मिळकतीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावेच लागते. शिवाय ते सहहिस्सेदाराच्याच लाभात करता येते. भाऊ हयात असताना भाच्याच्या नावे लिहिलेला दस्त बक्षीसपत्र ठरतो आणि त्याचे मुद्रांक शुल्क वेगळ्या हिशेबाने लागते. ‘माहेर तुटेल’ या धास्तीपोटी न वाचता केलेली सही नंतर एकतर्फी मागे घेता येत नाही, दस्त रद्द करून घेण्यासाठी दिवाणी न्यायालयातच जावे लागते. म्हणून मसुदा आधी घरी मागवून गट क्रमांक, क्षेत्र आणि घराचा मिळकत क्रमांक ताडून पाहावेत. शेताच्या दस्तात राहते घरही बसवलेले आढळते.

बँकेत किंवा सोसायटीत नामनिर्देशन आहे, म्हणजे रक्कम वा सदनिका आपलीच, हाही गैरसमज पक्का रुजलेला आहे. नामनिर्देशित व्यक्ती केवळ विश्वस्तासारखी असते आणि वारसांचा हिस्सा त्यांना देणे तिला भाग असते.

नाव वगळून फेरफार (सातबाऱ्यावरील नावबदलाची नोंद) झालाच असेल, तर नोंद प्रमाणित होण्यापूर्वी नोटिशीच्या मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी. मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केली असल्यास उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करता येते, आणि उशीर झाला असल्यास विलंबमाफीचा सकारण अर्ज जोडावा लागतो. मात्र फेरफार ही महसुली नोंद आहे, तिने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. हिश्श्यावरच वाद असेल तर वाटपाचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल करावा लागतो, आणि दावा चालू असताना मिळकत विकली जाऊ नये म्हणून तात्पुरत्या मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्यावा.