रँकच्या आधी इंडेक्स: एसइओत नव्याने येणाऱ्यांसाठी

एसइओ, म्हणजे सर्चच्या निकालात पान वर आणण्याचं काम, शिकायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून रँकबद्दल, निकालातल्या क्रमांकाबद्दल बोलतो. कुठला कीवर्ड, टायटलमध्ये कुठे, किती वेळा. त्याआधीचा प्रश्न फार थोडे विचारतात: पान मुळात इंडेक्समध्ये, म्हणजे गूगलनं साठवलेल्या पानांच्या यादीत, आहे का? नसेल तर टायटल कितीही घासूनपुसून लिहा, काही होणार नाही. टायटल, हेडिंग, अंतर्गत लिंक, साइटमॅप हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालते आणि मला सगळ्यात जास्त छळलं तेच आधी सांगते.

एका कंपनीची वेबसाइट हाती आली तेव्हा चाचणीसाठी बनवलेली जुनी पानं सर्चमध्ये दिसत होती. आधीच्या टीमनं दुहेरी बंदोबस्त केला होता: रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्ये (क्रॉलरसाठी, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामसाठी, सूचनांची फाइल) त्या फोल्डरला डिसअलाऊ, शिवाय प्रत्येक पानाच्या कोडमध्ये नोइंडेक्सचा मेटा टॅग. तरी पानं हटेनात. निकालात नुसता पत्ता यायचा आणि वर्णनाच्या जागी माहिती उपलब्ध नसल्याची ओळ. मी टॅगचं स्पेलिंग तपासलं, कॅश साफ केली, साइटमॅप पुन्हा सबमिट केला. टॅग बरोबरच होता. आठवडे गेले, आणि रोज कुणीतरी विचारायचं, अजून का दिसतायत?

गोम अशी की हे दोन उपाय एकमेकांना मारतात. डिसअलाऊ क्रॉलरला सांगतं, आत येऊ नकोस. नोइंडेक्स सांगतं, हे पान यादीत घेऊ नकोस. पण ही दुसरी चिठ्ठी घराच्या आत चिकटवलेली असते. ज्याला दारातच अडवलं, तो ती वाचणार कधी? बाहेरून कुणी त्या पानाला लिंक दिली असेल तर गूगल पान न वाचताही त्याचा पत्ता इंडेक्समध्ये ठेवू शकतं. रोबोट्स डॉट टीएक्सटी क्रॉलिंग थांबवतं, इंडेक्सिंग नाही. हे वाक्य मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर किती रात्री वाचल्या असत्या!

उपाय उलटा वाटतो, म्हणून पुन्हा सांगते. पान सर्चमधून काढायचं असेल तर आधी डिसअलाऊ काढा. क्रॉलरला आत येऊ द्या, नोइंडेक्स वाचू द्या, पान इंडेक्समधून जाऊ द्या. डिसअलाऊ परत लावायचंच असेल तर त्यानंतर. पीडीएफमध्ये मेटा टॅग लावता येत नाही, तिथे सर्व्हर फाइलसोबत जी माहिती पाठवतो त्या हेडरमधून एक्स-रोबोट्स-टॅग पाठवून नोइंडेक्स सांगावं लागतं. घाई असेल तर सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात, रिमूव्हल्स टूल आहे, पण ते साधारण 6 महिन्यांपुरतं पान लपवतं, कायमचं काढत नाही. आणि नोइंडेक्सची ओळ रोबोट्स डॉट टीएक्सटीमध्येच लिहा असं सांगणारे जुने लेख सरळ सोडून द्या. गूगलनं 1 सप्टेंबर 2019 पासून ती मानणं बंद केलंय.

सर्च कन्सोलमधल्या पेज इंडेक्सिंगच्या रिपोर्टमध्ये यासाठी वेगळी ओळच असते: ‘इंडेक्स्ड, दो ब्लॉक्ड बाय रोबोट्स डॉट टीएक्सटी’, म्हणजे क्रॉलरला बंदी असूनही यादीत. ती दिसली की समजा, हेच झालंय.

याचा उलटा प्रकार तर आणखी घातक. नवी साइट तयार होत असताना स्टेजिंगवर, म्हणजे तिच्या चाचणीच्या प्रतीवर, ‘डिसअलाऊ’पुढे एक तिरकी रेघ टाकून सगळं बंद ठेवतात. लाँचच्या दिवशी तीच फाइल लाइव्हवर जाते आणि त्या एका रेघेनं अख्खी साइट क्रॉलरला बंद होते. लाँच झाल्या झाल्या ती फाइल स्वतःच्या डोळ्यांनी उघडून बघा. डेव्हलपरनं ‘बघितलं’ म्हटलं तरी बघा. झालंच असेल तर घाबरू नका. रेघ काढली की गूगल साधारण 24 तासांत नवी फाइल उचलतं आणि पानं हळूहळू परत येतात. मी येताना पाहिली आहेत.

‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ ही ओळ मात्र वेगळी. गूगल येऊन पान वाचून गेलं, पण तूर्तास ठेवलं नाही. नव्या साइटवर हे सर्रास होतं, त्यानं खचू नका. पण महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर टॅगमध्ये दोष शोधत बसण्यापेक्षा पान वाचा. ‘सायकलची चेन का घसरते’ असं शोधणाऱ्याला कारण हवंय, ते स्वतः कसं तपासायचं ते हवंय. तुम्ही त्याला सायकलचा इतिहास आणि खाली खरेदीचं बटण दिलंत तर ते पान का ठेवावं?

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. लिंक विकत घेऊ नका. गूगलच्या रँकिंगमधल्या 2011 च्या पांडा नावाच्या बदलानं पोकळ मजकुराची पानं खाली ढकलली, 2012 च्या पेंग्विननं विकतच्या लिंकांची. मार्च 2024 मध्ये गूगलनं रँकसाठी ढिगानं पाडलेल्या निरुपयोगी पानांवर नियम आणला, मग ती माणसानं लिहिलेली असोत की मशीननं. दर वेळी ‘सध्या हे चालतं’ म्हणणारेच आधी बुडाले. मेटा कीवर्ड टॅगचं तर बोलूच नका. वेब सर्चच्या रँकिंगसाठी तो वापरत नाही, हे गूगलनं 2009 मध्येच जाहीर केलं, आणि आजही तो भरायला शिकवणारे क्लास आहेत.

तसंच गुरूंचं. पहिल्या पानाची गॅरंटी देणाऱ्याकडे शिकू नका, तशी गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. ज्याला स्वतःच्या एखाद्या साइटचं सर्च कन्सोल उघडून दाखवायला संकोच वाटतो, त्याच्याकडेही नको. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते सर्व्हर लॉग, म्हणजे साइटवर कोण कधी आलं याची नोंद, वाचायला बसवणाऱ्या एका बॅकएंड डेव्हलपरनं, ज्याला एसइओत काडीचाही रस नव्हता. क्रॉलर कुठल्या पानावर येतो आणि कुठे फिरकतच नाही, हे लॉगमध्ये स्वच्छ दिसतं.

वेगाबद्दल थोडक्यात: एलसीपी (पानाचा मुख्य भाग दिसायला लागणारा वेळ) 2.5 सेकंदांच्या आत, आयएनपी (क्लिकला प्रतिसाद मिळायला लागणारा वेळ) 200 मिलिसेकंदांच्या आत, सीएलएस (लोड होताना मजकूर किती सरकतो याचं माप) 0.1 च्या आत. एवढं साधलं की पुढे सरका. वेगाच्या चाचणीत 100 पैकी 100 गुणांच्या मागे लागून लिहायचं राहून गेलेली मंडळी मी पाहिली आहेत.

आजपासून एक शीट ठेवा: तारीख, कुठलं पान, काय बदललं. एका पानावर एका वेळी एकच बदल करा आणि आधीच्या 28 दिवसांशी नंतरचे 28 दिवस ताडून बघा, सणासुदीचे किंवा सुट्ट्यांचे दिवस मध्ये आले असतील तर मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांशी. सर्च कन्सोल फक्त 16 महिन्यांचा डेटा ठेवतं, म्हणून दर महिन्याला तो एक्सपोर्ट करून त्याच शीटशेजारी ठेवत जा.