सही आतून बाहेर

विंडोजसाठीचा माझा पहिला सही केलेला इन्स्टॉलर मी मोठ्या थाटात बाहेर काढला. ही सही म्हणजे फाइल कुणाची आहे आणि नंतर कुणी बदललेली नाही, हे दाखवणारी डिजिटल खूण. ती होती फक्त वरच्या सेटअप फाइलवर. आतली एक्झी (मुख्य प्रोग्रॅमची फाइल), तिच्या सोबतच्या डीएलएल (तिला लागणाऱ्या कोडच्या फाइली) आणि अनइन्स्टॉलर (प्रोग्रॅम काढून टाकणारा), सगळं कोरं. आठवड्याभरात एकाने प्रोग्रॅम काढायला घेतला, तर विंडोजने पिवळ्या पट्टीत 'अज्ञात प्रकाशक' दाखवलं. "हा तुमचाच ना?" त्याने विचारलं.

तेव्हापासून क्रम ठरलेला आहे. बिल्ड झालं की आधी आपल्या एक्झी-डीएलएलवर सही, मग पॅकेजिंग, मग इन्स्टॉलरवर सही. दुसऱ्यांच्या डीएलएलवर त्यांची सही असेल तर तिला हात लावायचा नाही. गोची अनइन्स्टॉलरची: तो इन्स्टॉलर बनतानाच तयार होतो, त्यामुळे मधे हाताने सही करायला सापडतच नाही. इनो सेटअप या इन्स्टॉलर बनवणाऱ्या साधनाच्या स्क्रिप्टमध्ये 'साइनटूल'ची ओळ टाकली की त्याच्यावरही आपोआप सही होते. एनएसआयएस या तशाच दुसऱ्या साधनात हेच काम 'अनइन्स्टफायनलाइझ' करतं.

आता टाइमस्टॅम्प. सही ज्याच्या आधारे होते ते सर्टिफिकेट, म्हणजे प्रकाशकाचं ओळखपत्र, आज ना उद्या संपणारच. सही करताना टाइमस्टॅम्प सर्व्हरची वेळेची मोहर घेतलेली असेल, तर सर्टिफिकेट संपल्यावरही जुनी सही चालते, कारण ती मुदतीत केल्याचा पुरावा फाइलमध्येच असतो. मोहर नसेल तर मुदत संपताच जुने सगळे इन्स्टॉलर बाद. आणि सर्व्हरचा पत्ता द्यायला विसरलात तरी साइनटूल, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा सही करणारा प्रोग्रॅम, कुरकुर करत नाही, 'सही झाली' म्हणून मोकळं होतं. म्हणून आमच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये सहीनंतर लगेच सही आणि मोहर दोन्हींची पडताळणी आहे. तिथेही एक खड्डा: पडताळताना 'पीए' हा पर्याय दिला नाही, तर साइनटूल ड्रायव्हरचे नियम लावतं आणि चांगल्या सहीलाही नापास करतं. यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

सही ज्या गुप्त डिजिटल किल्लीने होते तिचं म्हणाल, तर पूर्वी ती एका फाइलमध्ये मिळायची आणि बिल्ड सर्व्हरवर ठेवता यायची. १ जून २०२३ पासून कोड सायनिंगची खाजगी किल्ली प्रमाणित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते. यूएसबी टोकन घेतलंत तर प्रत्येक रिलीजला कुणीतरी ते खोचून पासवर्ड टाकणार, म्हणजे स्वयंचलित बिल्ड नावालाच. त्यापेक्षा क्लाउड सायनिंग (किल्ली सेवेकडे, सही इंटरनेटवरून) परवडतं. मुक्तस्रोत प्रकल्पांना साइनपाथ फाउंडेशन फुकट सही करून देतं, पण मग प्रकाशक म्हणून त्यांचं नाव दिसतं, तुमचं नाही. मला त्याचं काही वाटत नाही, काहींना वाटतं.

सही झाली म्हणजे स्मार्टस्क्रीन, म्हणजे अनोळखी डाउनलोडवर इशारा देणारा विंडोजचा पहारेकरी, गप्प बसेल, असं मात्र नाही. तो फाइलची आणि प्रकाशकाची पत बघतो, आणि पत डाउनलोड होत होतच वाढते. बिनसहीची फाइल दर रिलीजला शून्यापासून सुरू होते, एवढाच काय तो फरक.

मॅकवर क्रम तोच, फक्त शिक्षा कडक. ॲप बंडलमधल्या (ॲपचं सगळं सामान असलेल्या फोल्डरमधल्या) प्रत्येक लायब्ररीवर आणि मदतनीस प्रोग्रॅमवर आधी सही, सर्वांत शेवटी बंडलवर. कोडसाइन या ॲपलच्या सही करणाऱ्या साधनाचा 'डीप' हा सोपा वाटणारा पर्याय टाळा. तो सगळ्यांना एकाच मापाने कापतो. हार्डन्ड रनटाइम (ॲपवर जादा सुरक्षा-बंधनं घालणारी सोय) चालू हवा. मग नोटरीटूल या साधनाने ॲप ॲपलकडे तपासणीला पाठवायचं. नुसतं 'इनव्हॅलिड' असं उत्तर आलं तर लॉग मागवा. त्यात फाइलच्या पूर्ण पत्त्यासकट कारण असतं. माझ्या वेळी ती पायथनच्या पॅकेजमध्ये खोल दडलेली एक 'एसओ' (लायब्ररी) फाइल निघाली. मंजुरी मिळाली की पावती डीएमजीला (मॅकच्या डिस्क-इमेज फाइलला) स्टेपल करा, म्हणजे जोडा. झिपला ती चिकटवता येत नाही.

लिनक्सचं थोडक्यात: ॲपइमेजसोबत (एकाच फाइलमध्ये मावणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) जीपीजी या सही करणाऱ्या साधनाची वेगळी सही ठेवा आणि किल्लीचा फिंगरप्रिंट (तिला ओळखायचा छोटा क्रमांक) डाउनलोडपेक्षा वेगळ्या ठिकाणी द्या.

तपासणी स्वतःच्या मशीनवर करू नका. तिथेच बनलेल्या फाइलला 'इंटरनेटवरून आली' ही खूण लागलेली नसते, त्यामुळे विंडोज आणि मॅक दोघंही तिला सहज सोडतात. कोऱ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या आभासी कॉम्प्युटरमध्ये) ब्राउझरने डाउनलोड करा, डबल क्लिक करा, इन्स्टॉल करा. आणि मग प्रोग्रॅम काढूनही बघा.