पूरग्रस्त गावासाठी आपत्कालीन पिशवी

कृष्णा, पंचगंगा किंवा वाशिष्ठीच्या काठी राहणाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी पिशवी भरताना, गच्चीवर एक रात्र आणि निवारा केंद्रात दोन-तीन दिवस कशाविना भागणार नाही, एवढाच विचार करावा. सर्वप्रथम पाणी घ्यावे, कारण पुरात नळाचे व विहिरीचे पाणी दूषित होते. मात्र माणशी दिवसाला तीन लिटर धरले तरी ओझे फार वाढते, म्हणून थोडे पाणी आणि सोबत क्लोरीनच्या गोळ्या ठेवणे शहाणपणाचे. ओआरएसची पाकिटे, रोजची औषधे, चणे-गूळ, शिट्टी आणि चार्ज केलेली पॉवर बँक हवीच. टॉर्चमधील सेल काढून वेगळे ठेवावेत, नाहीतर ते गळून टॉर्च निकामी होतो.

खरी कसोटी कागदपत्रांची असते. आधार, सातबारा, बँक पासबुक यांच्या प्रती जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून काढावी, तोंड दुमडून चिकटपट्टीने बंद करावे आणि तीच पिशवी उलटी करून दुसरीत सरकवावी. सुट्ट्या नोटाही त्यातच ठेवाव्यात. वीज गेली की एटीएम आणि यूपीआय दोन्ही बेभरवशाचे. भांडीकुंडी मात्र निःसंकोच वगळावीत. शेवटी पिशवी खांद्याला लावून जिना चढून पाहावा, आणि दम लागल्यास आधी कपडे कमी करावेत, औषधे नव्हेत.