रस्त्याचा नाहीतर रेल्वे पुलाचा पैसा कुठं गेला, हे नागपुरात कसं विचारायचं

आधी रस्ता कोणाचा ते पाहा भाऊ, कारण अर्ध्या तक्रारी चुकीच्या दारात जाऊन पडतात. गल्लीतला बहुतेक महापालिकेचा, वर्धा रोडनं गावाबाहेर निघालो की राष्ट्रीय महामार्ग ४४, समृद्धी महामार्ग एमएसआरडीसीचा, म्हणजे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा. रेल्वेचं तर अजून गुंतागुंतीचं, नागपूर नावाचे विभाग दोन आहेत, अजनी-वर्धा बाजू मध्य रेल्वेकडे आणि इतवारी-गोंदिया बाजू दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे.

मग माहिती अधिकारात अर्ज टाका, फी १० रुपये. राज्याच्या ऑफिसला कोर्ट फी स्टॅम्प चालतो, रेल्वे किंवा एनएचएआयला (राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण) पोस्टल ऑर्डर लावा नाहीतर ऑनलाइन भरा. राज्याच्या अर्जात एकच विषय अन् १५० शब्दांची मर्यादा.

सगळ्यात महत्त्वाचं, "काम का नाही झालं" असं विचारू नका, त्याला उत्तर येतच नाही, कागद मागा: मंजूर रक्कम, आजवरचा खर्च, वर्क ऑर्डरची कॉपी, ठेकेदारावर दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षं आहे ते, सेफ्टी ऑडिटचा रिपोर्ट. माझा पहिला अर्ज असाच "का" विचारल्यामुळं वाया गेला होता.

३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, सोडू नका, माणसं मरतात हो त्या खड्ड्यांत.

आणि धोका आत्ताच दिसतोय तर अर्जाची वाट बघू नका, राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ अन् रेल्वेसाठी १३९ ला लगेच फोन लावा.