आणलेली कोंबडी लगेच धुवायला घेऊ नका: या चुका टाळा

घाटावरून टेम्पो येतो आणि पिंजऱ्यात अंडी देऊन थकलेल्या कोंबड्या स्वस्तात विकून जातो. दोन वर्षांपूर्वी भर जुलैत मी तशा तीन घेतल्या. मानेची पिसं गेलेली, तुरा फिका, ढुंगणाशी शीट वाळून दगडासारखी झालेली. बघवेना म्हणून त्याच संध्याकाळी एकीला कोमट पाण्याने धुतलं, पंच्याने पुसलं आणि मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपटात, ठेवलं. सकाळी ती गार पडलेली होती.

पाणी कोमट होतं, हातही हलका होता. चुकली ती वेळ, आणि तिला वाळवणं. कोंबडीचं अंग 41 ते 42 अंश सेल्सिअस गरम असतं आणि ती ऊब पिसांखाली अडकलेल्या हवेवर टिकते. पिसं भिजली की ती हवा जाते. रोडावलेल्या कोंबडीच्या अंगात पुन्हा ऊब करायला काही शिल्लक नसतं. त्यात आपला पावसाळा, जिथे दोरीवरचा टॉवेल दोन दिवस सुकत नाही. साबणाने आणखी एक नुकसान होतं. शेपटीच्या बुडाशी तेलाची गाठ असते, त्यातलं तेल कोंबडी चोचीने पिसांना लावत असते. ते धुऊन गेलं की पिसं पाणी धरतात.

म्हणून पहिले दोन दिवस आंघोळ नाही. कोरडा, वारा न लागणारा कोपरा, खाली भाताचं तूस आणि समोर पाणी, एवढंच. पिंजऱ्यातल्या कोंबडीला नळीच्या टोकातून थेंब थेंब पाणी प्यायची सवय असते, भांडं तिला कळत नाही. तिची चोच दोन-तीनदा हलकेच पाण्यात बुडवून दाखवा. पहिल्या दिवशी लिटरभर पाण्यात चमचाभर गूळ चालतो, पुढे साधं पाणी. उपाशी आहे म्हणून तांदळाचा ढीग ओतू नका. अख्खा दाणा म्हणजे खाणं हेही कित्येकींना माहीत नसतं. लेअर मॅश, म्हणजे अंड्यांवरच्या कोंबड्यांचं भरडलेलं खाद्य, थोडा भिजवून दिवसातून चार वेळा द्या, सोबत मऊ भात चिमूटभर.

रात्री ती शांत असते तेव्हा हात लावून बघा. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं लागलं तर ती फार खंगली आहे. गळ्याची पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी हवी. सकाळीही टणक लागली, किंवा श्वासाला घरघर आणि डोळ्यांत फेस असला, तर आंघोळीचा विचारही नको, डॉक्टरांना दाखवा.

<b>धुवायचंच असेल तर</b>

फक्त मळलेला भाग धुवा, अख्खी कोंबडी नाही. उघडीप बघून सकाळी दहा-अकराला घ्या, म्हणजे वाळवायला दिवस उरतो. कोपर बुडवून पाहिलं तर सुखद लागेल इतकं पाणी घमेल्यात घ्या, पंख अंगाशी धरून मागचा भाग पाच-दहा मिनिटं भिजू द्या. वाळलेली शीट ओढू नका, खालची कातडी कागदासारखी असते, सोबत सोलून येते. गोळा आपोआप मऊ होतो. लहान मुलांच्या शाम्पूचा एखादा थेंब पुरे, कपड्यांचा साबण नको. मग टॉवेलने टिपून ऊन द्या, ऊन नसेल तर हेअर ड्रायर कमी आचेवर आणि लांबून. वरून कोरडी दिसली म्हणून सोडू नका. पिसं उलटी करून बुडाशी बोट लावून बघा.

थांबायचं नाही असं एकच कारण आहे: किडे. पावसात मळलेल्या ढुंगणावर माश्या अंडी घालतात, अळ्या मांसात शिरतात. कुजका वास आला तर त्याच क्षणी मीठ घालून उकळलेल्या, कोमट झालेल्या पाण्याने जखम धुवा, दिसतील त्या अळ्या चिमट्याने काढा आणि दवाखाना गाठा.

उवा-पिसवांचा बंदोबस्त आंघोळीने होत नाही. ढुंगणाखालची पिसं बाजूला केलीत तर पिसांच्या बुडाशी रव्यासारखे पांढरे पुंजके दिसतील, ती उवांची अंडी. उवांच्या पावडरीने अंडी मरत नाहीत, म्हणून सात ते दहा दिवसांनी औषध पुन्हा लावावं लागतं. लाल माइट हा बारीक किडा तर दिवसा कोंबडीवर नसतोच. तो खुराड्याच्या फटीत दडतो आणि रात्री रक्त पितो. बॅटरी घेऊन रात्री, कोंबड्या बसतात त्या दांडीच्या खालून बघा. आंब्यावर फवारून उरलेलं औषध कोंबड्यांवर मारणारे मी पाहिले आहेत. कृपा करून ते करू नका, ते विष आहे. औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच घ्या आणि अंडी किती दिवस खायची नाहीत तेही विचारा.

धुळीत लोळणं हीच कोंबडीची खरी आंघोळ. पावसात कोरडी माती मिळत नाही, म्हणून मेमध्येच पोतंभर माती-वाळू भरून ठेवा. थोडी चाळलेली राख मिसळून घमेलं पडवीत ठेवा. ओल्या अंगावर मात्र राख चोळू नका, ती झोंबते.

पायांचे खवले वर उचलले गेले असतील तर लोक रॉकेल लावतात. त्याने कातडी भाजते. कोमट पाण्यात पाय भिजवून जाडसर खोबरेल लावा, काही आठवडे, खवले न उपटता.

नव्या कोंबड्या महिनाभर वेगळ्या ठेवा. आधी जुन्यांना खाणं, मग नव्यांना, आणि चपला वेगळ्या. मान वाकडी, हिरवट हगवण अशी राणीखेत या साथीच्या रोगाची लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा.

माझ्या उरलेल्या दोघींना मी पुन्हा पाणी लावलं नाही. काही आठवड्यांनी त्यांच्या मानेवर निळसर काटे उगवले. ते नवीन पिसांचे कोंब असतात, आत रक्त खेळत असतं, मोडले तर भळभळतात. तोवर मानेला हात नको. उचलताना हात छातीखालून घाला.